शिट्टीनंतरचा निकाल

२४ जुलै २०२२, ऑस्ट्रेलियातलं टाउन्सव्हिल. रग्बी लीगच्या सामन्यात वेस्ट्स टायगर्स २६, नॉर्थ क्वीन्सलँड काउबॉइज २५. पंचांनी शेवटची शिट्टी फुंकली. तेवढ्यात काउबॉइजच्या कर्णधारानं दाद मागितली: चेंडूमागे धावणाऱ्या आमच्या गड्याची वाट अडवली! बंकरमधल्या, म्हणजे मैदानाबाहेरच्या पडदा-कक्षातल्या, व्हिडिओ पंचांनी चित्रण पुन्हापुन्हा पाहून पेनल्टी दिली. व्हॅलेंटाइन होम्सनं ती साधली, २७-२६. मागाहून स्पर्धेचे वरिष्ठ अधिकारी ग्रॅहम ॲनेस्ली यांनी ती पेनल्टी चुकीची होती, असं कबूल केलं. निकाल मात्र तोच राहिला.

हा खेळच मुळात एका गाऱ्हाण्यातून जन्मला. सामन्यापायी बुडणारी मजुरी कामगार खेळाडूंना भरून मिळावी, या वादातून १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडच्या क्लबांनी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात वेगळी चूल मांडली. पुढे १९९६ मध्ये इंग्लंडच्या सुपर लीगमध्ये व्हिडिओ पंच आला. ऑस्ट्रेलियाच्या एनआरएल या स्पर्धेनं २०१६ मध्ये सिडनीत मध्यवर्ती बंकर उभारला, तर २०२० पासून कर्णधारालाही दाद मागण्याची मुभा दिली.

आपल्याला टीव्ही पंच ठाऊक आहे तो १९९२ च्या डर्बन कसोटीपासून. पडद्यावर पाहून धावबाद ठरलेला पहिला फलंदाज सचिन तेंडुलकर. तिथला प्रश्न सरळ होता: बेल्स उडाल्या तेव्हा बॅट कुठे होती? रग्बी लीगचे प्रश्न इतके सरळ नसतात. चेंडू टेकवताना हाताचा दाब होता का? आडवा आलेला गडी सहज आला की मुद्दाम? क्षणात घडलेली धडक संथगतीत ठरवून केल्यासारखी दिसते. धावत्या खेळाडूनं मागे सोडलेला चेंडूही वेगामुळे पुढे सरकतो, म्हणून पुढे दिलेल्या पासचा निवाडा बंकरकडे दिलेलाच नाही.

पूर्वी शंका उरली की फायदा चढाई करणाऱ्याला मिळे. २०१३ पासून एनआरएलमध्ये मैदानावरचा पंच आधी आपलं मत सांगतो आणि पुरेसा पुरावा असेल तरच ते फिरतं. म्हणजे पडदा आला, तरी पहिल्या अंदाजाचं वजन उलट वाढलं.

एनआरएलचा २०१९ चा अंतिम सामना आठवा. रुस्टर्स आणि रेडर्स ८-८. पंच बेन कमिन्स यांनी रेडर्सना नव्यानं सहा टॅकल, म्हणजे ताबा राखून आणखी सहा संधी, मिळाल्याची खूण केली आणि लगेच मागे घेतली. रेडर्सच्या जॅक वाइटनला ते कळलंच नाही. तो चेंडू घेऊन टॅकलमध्ये गेला, ताबा गेला, रुस्टर्सनी ट्राय केला, म्हणजे चेंडू रेषेपार टेकवला, आणि सामना १४-८ नं जिंकला. गंमत अशी, की नियमानं दुसरा निर्णयच बरोबर होता. पण खेळाडू पहिल्या खुणेवर विसंबला होता.

रग्बी लीगच्या २०१७ च्या विश्वचषकात, ऑकलंडच्या उपांत्य सामन्यात, ०-२० वरून झुंजत आलेला टोंगा १८-२० वर होता. अखेरच्या क्षणी टोंगाच्या फिफिताच्या हातचा चेंडू निसटला की ओढला गेला? पंचांनी नॉक-ऑन, म्हणजे चेंडू हातून पुढे पडल्याचा दोष, दिला, पडद्याकडे न जाता. टोंगन लोक रस्त्यावर उतरले.

ऑकलंडला राग होता पडद्याला विचारलं नाही म्हणून. टाउन्सव्हिलला, विचारलं म्हणून. विचारायचं कुणी, कधी आणि कशाबद्दल, हे कॅमेरा ठरवत नाही.