भाताच्या मुलखात गव्हाचा आजार

१८८८ साली लंडनचे डॉक्टर सॅम्युअल गी यांचं एका आजारावरचं व्याख्यान छापून आलं. चांगलं खातंपितं लहान मूल एकाएकी खंगायला लागतं, पोट फुगतं, हातापायांच्या काड्या होतात, फिकट आणि घाण वासाची शी थांबता थांबत नाही. मूल बरं झालंच तर ते आहारानेच होईल, असं गी यांनी सांगितलं. इथवर त्यांची नजर पक्की होती. मग त्यांनी पथ्य लिहून दिलं: भात बंद, साबुदाणा बंद, पाव मात्र पातळ कापून, दोन्ही बाजूंनी खरपूस भाजून द्यायला हरकत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती हीच. (एका छोट्या रुग्णाला रोज हॉलंडचे शिंपले खाऊ घातले तेव्हा तो छान भरला, शिंपल्यांचा हंगाम संपताच पुन्हा खालावला, आणि पुढच्या हंगामात त्याने शिंपल्यांना तोंडच लावलं नाही. पोराचं काही चुकलं असं मला वाटत नाही.)

संन्यासी म्हणजे भात. चोर होता गहू; नेमकं सांगायचं तर गव्हात, जवात आणि राय नावाच्या धान्यात असणारं ग्लूटेन. आज या आजाराला सीलिअ‍ॅक म्हणतात आणि त्यावर एकच इलाज आहे: ग्लूटेन जन्मभर बंद.

गी यांचं पथ्य त्या काळी कुणी ब्रह्मपुरी-नागभीडकडे वाचून दाखवलं असतं, तर लोकांनी एवढंच विचारलं असतं, ‘मग खायचं काय?’ वैनगंगेच्या दोन्ही अंगांना पसरलेली ही झाडीपट्टी. पाऊस भरपूर, जमीन पाणी धरणारी, जागोजागी जुने मालगुजारी तलाव, ज्यांना आता सरकारी कागदांतसुद्धा मामा तलाव म्हणतात. इथे पीक म्हणजे धान. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली स्वतःच्या धानात तीन वेगळ्या, पिवळसर लोंब्या दिसल्या. तिसरीपर्यंत शिकलेल्या या शेतकऱ्याने त्या निवडून, वर्षानुवर्षं पेरून जे वाण उभं केलं, त्याला तेव्हाच्या लाडक्या मनगटी घड्याळाचं नाव मिळालं: एचएमटी. आज देशभरातल्या दुकानांत ते नाव पोत्यांवर दिसतं. दादाजी ३ जून २०१८ रोजी गेले.

इथलं जुनं ताट आठवून बघा. भात, पेज, आंबील, तांदळाची भाकर, तव्यावर घातलेले तांदळाचे आयते. पश्चिमेला वरोरा-भद्रावतीकडे सरकलं की ज्वारी. भामरागड-एटापल्लीच्या जंगलात कोदो, कुटकी, आणि उन्हाळ्यात वेचून वाळवलेली मोहफुलं. या यादीत ग्लूटेनचा कणही नाही. परदेशात ज्या आहारासाठी लोक खास दुकानं शोधतात आणि दुप्पट-तिप्पट पैसे मोजतात, तो इथे पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्या ध्यानीमनी नसताना चालत आला. गव्हाची पोळी होती; पण ती सणावारी, पाहुण्यारावळ्यांसाठी.

ग्लूटेन दिसतं कसं? नागपूरकडची लंबी रोटी होताना बघावी. लोकवन गव्हाची कणीक भरपूर पाण्यात सैल भिजवून, आपटून-आपटून तयार करतात. मग बाई तिचा एक गोळा हातावर घेते आणि तो या हातावरून त्या हातावर झुलवत जाते. गोळा लांबतो, रुंदावतो, कोपरापर्यंत लोंबतो, पलीकडचं दिसेल इतका पातळ होतो, आणि फाटत नाही. दुसऱ्या क्षणी तो चुलीवरच्या उपड्या मडक्यावर पडलेला असतो. हे कौशल्य त्या हातांचं खरंच, पण त्यात दोन प्रथिनांचाही वाटा आहे. ग्लायडिन कणकेला लांबू देतं, ग्लुटेनिन तिला तुटू देत नाही. पाणी मिळालं आणि मळणं झालं की दोघांची मिळून जाळी होते, तीच ग्लूटेन.

तांदळाच्या पिठाची अशी रोटी करून दाखवा म्हटलं तर कुणालाच जमणार नाही. तांदळात प्रथिनं आहेत, पण त्यांची जाळी होत नाही. म्हणून तर तांदळाच्या भाकरीला आधी उकड काढावी लागते: पाण्याला आधण आलं की पीठ घालायचं, झाकण ठेवायचं, आणि हात पोळत असताना मळायचं. उकळत्या पाण्याने पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि भाकर थापण्यापुरती तरी धरून राहते. घरी करून बघण्यासारखा एक प्रयोग आहे. कणकेचा घट्ट गोळा अर्धा तास मुरू द्या आणि पाण्यात हलक्या हाताने चोळत राहा. पाणी दुधाळ होत जातं, दोन-चारदा बदलावं लागतं, आणि शेवटी हातात एक करडा, रबरी, ताणला की परत आखडणारा लगदा उरतो. तांदळाच्या पिठाचं हेच करा. सगळं पाण्याबरोबर जातं.

खरं नवल त्या लगद्याच्या आत आहे. आपलं पोट प्रथिनांचे तुकडे करत करत त्यांना अमिनो आम्लांपर्यंत आणतं. ग्लायडिनमध्ये मात्र प्रोलिन नावाचं अमिनो आम्ल इतकं दाटीने बसलेलं असतं, की आपल्या पाचकरसांना तिथे कात्री घालायला जागाच सापडत नाही. २००२ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी असा एक न पचणारा तुकडा वेगळा करून दाखवला: ३३ अमिनो आम्लांची साखळी, त्यातली १३ प्रोलिन. हा तुकडा गहू खाणाऱ्या प्रत्येकाच्या आतड्यात तयार होतो. तुमच्या-माझ्याही. बहुतेकांच्या बाबतीत तो आला तसा निघून जातो.

काहींच्या बाबतीत तो आतड्याच्या अस्तरात शिरतो. तिथे ऊतींची डागडुजी करणारं एक विकर असतं, ट्रान्सग्लुटामिनेज. ते या तुकड्यात किंचित रासायनिक बदल करतं. तेवढ्या बदलाने तो एचएलए-डीक्यू२ किंवा डीक्यू८ या जनुकांनी घडवलेल्या पेशीवरच्या खाचेत नेमका जाऊन बसतो, आणि शरीराची संरक्षक यंत्रणा त्याला शत्रू समजते. मग हल्ला. तो होतो आपल्याच आतड्यावर. लहान आतड्याच्या आतून टर्किश टॉवेलच्या दोऱ्यांसारखे असंख्य उंचवटे असतात. अन्न शोषायला भरपूर पृष्ठभाग मिळावा म्हणून. ते झिजत झिजत सपाट होतात. मूल पोटभर जेवतं आणि उपाशी राहतं.

हे सगळं गव्हामुळे होतं, हे सिद्ध करून दाखवलं डच बालरोगतज्ज्ञ विलेम-कारेल डिके यांनी. १९३० च्या दशकातच त्यांना गव्हाचा संशय आला होता. मग १९४४-४५ चा हिवाळा आला. जर्मनांनी रसद तोडली, हॉलंडमध्ये पाव मिळेना, लोकांनी ट्युलिपचे कंद शिजवून खाल्ले. दुष्काळात कंद आणि मोह यांवर दिवस काढणं ज्यांच्या घरांत आजी-आजोबांकडून ऐकलेलं आहे, त्यांना ही कथा परकी वाटणार नाही. त्या भुकेच्या दिवसांत आसपासची मुलं सुकत होती, आणि डिके यांची सीलिअ‍ॅकची मुलं तग धरून होती. पाव परत मिळू लागला तशी तीच मुलं पुन्हा आजारी पडू लागली. पुढे डिके यांनी मोजकी मुलं घेऊन गहू कधी देत, कधी काढून घेत, शौचातली चरबी मोजत सगळं काटेकोरपणे तपासलं. १९५० साली त्यांचा प्रबंध आला. गी यांच्या पथ्यातला पाव तेव्हा कुठे बाद झाला.

तर आजाराला दोन गोष्टी लागतात, जनुक आणि धान्य. आपल्या देशात या दोघांची भेट कुठे कशी होते, हे बघायला डॉ. बी. एस. रामकृष्ण, दिल्लीच्या एम्समधले डॉ. गोविंद मखारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातल्या तेवीस हजारांहून जास्त प्रौढांची पाहणी केली. ती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. जनुकं तिन्हीकडे जवळपास सारखीच निघाली: साधारण तीनातल्या एकाकडे. गव्हाचा हिशेब मात्र पार वेगळा. उत्तरेत माणशी रोज सरासरी ४५५ ग्रॅम, दक्षिणेत २५ ग्रॅम. सीलिअ‍ॅक उत्तरेत हजारी साडेआठच्या आसपास, दक्षिणेत दहा हजारांत एक. दक्षिणेतल्या तितक्याच लोकांच्या अंगात ते जनुक आहे, पण ताटात भात असल्याने ते आयुष्यभर निजून राहतं.

इथे थांबलं असतं तर गोष्ट फारच सरळ झाली असती. ईशान्येत गहू रोज अवघा ३७ ग्रॅम, म्हणजे जवळपास दक्षिणेइतकाच, आणि तरी सीलिअ‍ॅक हजारी साडेचारच्या वर. नुसत्या गव्हाच्या वजनाने कोडं सुटत नाही. जनुकांचे बारीक प्रकार, आतड्यातले जंतू, लहानपणीचे संसर्ग, अशा अनेक गोष्टींकडे संशोधक बोट दाखवतात. झाडीपट्टी त्या पाहणीत नव्हती. पण मला तिच्याबद्दलच सगळ्यात जास्त कुतूहल वाटतं, कारण इथलं ताट डोळ्यांदेखत बदलतंय. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनवर तांदळाचा दर किलोला तीन रुपये ठेवला आणि गव्हाचा दोन. जंगलातल्या शेवटच्या गावच्या किराणा दुकानातसुद्धा बिस्किटाचा पुडा असतो आणि चहात बुडवलेला टोस्ट हा सकाळचा नाश्ता झालाय. मधुमेह झाला की ‘भात सोडा, पोळी खा’ हा सल्ला तर घरोघरी.

आणि इथे हा आजार आलाच, तर तो ओळखायचा कसा? सीलिअ‍ॅकचा पहिला घाव लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागावर बसतो आणि लोह नेमकं तिथेच शोषलं जातं. त्यामुळे अनेकांना जुलाब होतच नाहीत. असतो तो लोहाच्या गोळ्यांना दाद न देणारा रक्तक्षय, थकवा, खुंटलेली उंची. आता गडचिरोलीत फिकट पोर समोर आलं की डॉक्टर काय काय डोक्यात आणणार? मलेरिया. जंत. कुपोषण. सिकलसेल, जो इथल्या गोंड, माडिया आणि इतरही समाजांत घट्ट मुळं धरून आहे; डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८० च्या दशकात गडचिरोलीत काम सुरू केलं तेव्हा सुरुवातीच्या पाहण्यांत तोच पुढे आला होता. या गर्दीत सीलिअ‍ॅक सहज लपून राहू शकतो. वगळायचं कारण नाही, आणि उगाच बाऊ करायचंही कारण नाही. ट्रान्सग्लुटामिनेजविरुद्धच्या प्रतिपिंडांची एक रक्ततपासणी असते, तिने संशय दाखवला तर दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून बघतात.

फक्त एक गोष्ट लोक नेमकी उलटी करतात. पोट बिघडतं, कुणीतरी सांगतं, गहू बंद केला जातो, बरं वाटतं, आणि चार-सहा महिन्यांनी तपासणीला जातात. तोवर प्रतिपिंड उतरलेले, आतडं सावरलेलं. तपासणीत काहीच सापडत नाही. तपासणी होईपर्यंत गहू खात राहायचा असतो. आणि गहू सोडून बरं वाटलं म्हणजे सीलिअ‍ॅकच, असंही नाही. गव्हाची अ‍ॅलर्जी वेगळी. शिवाय गव्हात फ्रुक्टान नावाची शर्करा असते, ती कांदा-लसणातही असते आणि अनेकांच्या पोटात गॅस धरते. सीलिअ‍ॅक नसलेल्या, पण ग्लूटेन सोसत नाही अशी खात्री असलेल्या ५९ जणांना न सांगता कधी ग्लूटेन, कधी फ्रुक्टान खाऊ घातलं, तेव्हा एकूण त्रास ग्लूटेनपेक्षा फ्रुक्टानने जास्त झाला. हा प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा माणसाचा पोळीशी झालेला वाद थोडक्यात मिटू शकतो. सीलिअ‍ॅकवाल्याचा मिटत नाही.

त्याचं गणित फार बारीक आहे. तीस ग्रॅम कणकेच्या पोळीत साधारण अडीच ग्रॅम ग्लूटेन असतं. रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने पोटात गेलं, तर आतड्याला इजा होते असं इटलीतल्या एका अभ्यासात दिसलं. म्हणजे पोळीचा पन्नासावा तुकडा. पुड्यावर ‘ग्लूटेनमुक्त’ छापायचं तर आपल्याकडच्या कायद्याने किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आतच ग्लूटेन चालतं.

त्यामुळे झाडीपट्टीतल्या अशा रुग्णाला ताट बदलावं लागत नाही, पण चक्की बदलावी लागते. गावच्या चक्कीवर आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू दळून झाले की त्याच दगडांतून तुमचे तांदूळ जातात, आणि सुरुवातीच्या पिठात गहू हमखास उतरतो. चक्कीवाल्या भाऊंनी कितीही झाडून दिलं तरी खात्री नाही. घरचं जातं असेल आणि त्यात कधी गहू पडला नसेल, तर उत्तम. नाहीतर घरगुती गिरणी फक्त तांदूळ-ज्वारीसाठी ठेवायची. लग्नाच्या पंगतीत भात वाढणाऱ्याचा हात आधी पोळीला लागलाय का, हे बघायचं. प्रसादाचा शिरा रव्याचा, म्हणून हात जोडून नाही म्हणायचं. पहिल्या वर्षी लोकांना राग येतो, नंतर सवय होते. आणि वरणाच्या फोडणीतला हिंग तपासायचा. शुद्ध हिंग इतका उग्र असतो की तो पिठात बांधूनच विकतात, आणि ते पीठ बरेचदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. डबीच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं सापडतं. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंगही मिळतो, दुकानदाराला विचारून घ्यावा लागतो.