डेन्मार्क : देश लहान, सहकार मोठा



गट कार्यालयात बसलो की आम्हांला हमखास विचारणा होते, "साहेब, एक-दोन एकरवाल्याचं कारखान्यात काय चालतं?" उत्तरादाखल युरोपातील डेन्मार्कची माहिती देत आहोत.

ग्रीनलंड सोडून या देशाचे क्षेत्रफळ सुमारे ४३ हजार चौ. कि. मी., म्हणजे महाराष्ट्राचा सातवा हिस्सा. लोकसंख्या साठ लाखांच्या घरात. २०११ च्या जनगणनेतील मुंबईच्या निम्मीही नाही. निम्म्याहून अधिक जमीन शेतीखाली.

१८७० नंतर अमेरिका-रशियाचे स्वस्त धान्य युरोपात आले आणि भाव कोसळले. डॅनिश शेतकऱ्याने धान्य विकण्याऐवजी गुराडुकरांना चारले आणि लोणी-मांस इंग्लंडला धाडले. पण दोन-चार गाईंवर यंत्र कुठून आणणार? १८८२ साली येडिंग गावी पहिली सहकारी डेअरी निघाली. पुढे गावोगाव शेतकऱ्यांनी सामाईक जबाबदारीवर कर्जे उचलली. नियम साधे : घरापुरते ठेवून बाकी सगळे दूध डेअरीलाच, गाई कितीही असोत, माणशी मत एकच, नफा घातलेल्या दुधाच्या हिशेबात. १९०० च्या सुमारास अशा डेअऱ्या हजाराच्या आसपास होत्या.

आज तिथे शंभरात दोन-तीनच माणसे शेतीवर आहेत. औषधे, यंत्रे, जहाजवाहतूक व पवनचक्क्या यांतून मोठा पैसा येतो. तरी 'आर्ला' ही मोठी दूधसंस्था अजून शेतकऱ्यांच्याच मालकीची आहे. लोलान-फाल्स्टर बेटांवर बीटपासून साखर होते.

सगळेच गोड आहे असे नाही. दर पाचांत एक माणूस पासष्टीपुढचा, बाईमागे मुले सरासरी दीड. शेते थोडी आणि मोठी होत चालली. जमिनीच्या किमतीमुळे नव्या पोराला शेतीत शिरणे जड जाते. जुन्या गावडेअऱ्याही एकमेकींत विलीन झाल्या.

आता आपल्याकडे पाहू. गुऱ्हाळाने टनामागे चार रुपये जादा दिले की नोंदलेला ऊस तिकडे जातो. पुढच्या साली गुळाचा भाव पडला की तेच सभासद तोडीच्या चिठ्ठीसाठी आमच्या दारात! मधल्या हंगामात गाळप कमी पडून खर्चाचा बोजा बसतो तो कारखान्याला ऊस घालणाऱ्यावरच.

दोन एकरवाल्याचे चालते ते असे : मत एक, आणि नोंदलेला सगळा ऊस काट्यावर. नोंदी सुरू आहेत. गट कार्यालयात यावे, ही विनंती.