राहून गेलेली इच्छा आणि उतारवय

संसार, कष्ट, मुलांची शिक्षणे यांत आयुष्याची पन्नास-साठ वर्षे कशी सरतात, ते कळत नाही. मनात एखादी इच्छा मात्र तशीच राहिलेली असते. कोणाला पेटी शिकायची असते, कोणाला स्वतः पोथी वाचायची असते. ही इच्छा घरात कधी बोलून दाखविली, तर बहुधा एकच प्रश्न येतो : “आता या वयात कशाला?” तो काळजीपोटी विचारलेला असला, तरी विषय तेथेच संपतो.

करंजा बंदरापासून पनवेलपर्यंतच्या आपल्या परिसरात मासळी विकून घर उभे करणाऱ्या अनेक आजी आहेत. पै-पैचा हिशेब त्यांना तोंडपाठ असतो. परंतु त्यांतील कित्येकींना गोळ्यांच्या पाकिटावरील नाव वाचता येत नाही. सकाळची गोळी कोणती आणि रात्रीची कोणती, हे त्या रंगावरून ओळखतात. कंपनी बदलली की गोळीचा रंग बदलतो आणि एखादी गोळी दोनदा घेतली जाते किंवा राहून जाते. अशा स्त्रीला अक्षरओळख व्हावीशी वाटली, तर तिला केवळ हौस कसे म्हणावे?

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे लहानसे गाव आहे. शिवजयंतीच्या निमित्ताने तेथे पारायण चालले असता, ‘आम्हालाही वाचता आले असते तर’ ही वृद्ध स्त्रियांच्या मनातील खंत जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या कानी आली. मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टच्या साहाय्याने ८ मार्च २०१६ रोजी, जागतिक महिला दिनी, तेथे ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. गुलाबी साडीचा गणवेश आणि खांद्याला दप्तर अशा थाटात साठ ते नव्वद वर्षे वयाच्या आजी शाळेत जाऊ लागल्या. घरकाम आटोपल्यावर दुपारी दोन तास वर्ग भरत असे. अंगठ्याच्या जागी स्वतःची सही करणे, हे त्यांच्यापैकी अनेकींसाठी आयुष्यभराचे स्वप्न होते.

वैद्यकीय दृष्टीनेही यात मोठा अर्थ आहे. नवे शिकण्याची मेंदूची क्षमता उतारवयात मंदावते, पण संपत नाही. उजळणी अधिक लागते, एवढेच. ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढविणारे, परंतु बदलता येण्याजोगे १४ घटक नोंदविले. कमी ऐकू येणे, उपचाराविना राहिलेली अधू दृष्टी, नैराश्य आणि माणसांपासून तुटलेपण यांचा त्यांत समावेश आहे. शिकल्याने स्मृतिभ्रंश टळतोच, असे कोणी म्हणू नये. परंतु शिकण्याच्या निमित्ताने डोळे-कान तपासले जातात, माणूस घराबाहेर पडतो आणि चार माणसांत मिसळतो. हा लाभ लहान नाही.

म्हणून घरातील मंडळींनी प्रथम शरीराच्या अडचणी दूर कराव्यात. ‘आईला आता जमत नाही’ असे ठरविण्यापूर्वी मोतीबिंदू आहे का, ते तपासून घ्यावे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, तरी वाचनासाठी जवळचा चष्मा बहुधा लागतोच. ऐकू कमी येत असेल, तर कानातील मळ आणि श्रवणशक्ती दोन्ही तपासावीत. गुडघे दुखत असल्यास जमिनीवर मांडी घालण्याचा आग्रह न धरता खुर्ची द्यावी. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी जेवणाची वेळ चुकवू नये आणि जवळ साखरेची पुडी ठेवावी. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी बैठकीतून सावकाश उठावे. आरंभी रोज वीस मिनिटे पुरेशी आहेत.

एक सावधगिरीही हवी. आवडीच्या गोष्टीतील रस अचानक संपला, झोप-भूक बिघडली किंवा नेहमीच्या रस्त्यावर वाट चुकू लागली, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवावे.

साक्षर होऊ इच्छिणाऱ्यांसाठी केंद्र शासनाचा ‘उल्लास – नवभारत साक्षरता कार्यक्रम’ २०२२ ते २०२७ या काळासाठी आखलेला आहे. पंधरा वर्षांवरील कोणाही निरक्षर व्यक्तीला त्यात शिकता येते. जवळच्या शाळेत चौकशी करावी. शिकविणारी व्यक्ती घरातील नातही असू शकते.

वाचकहो, आपण स्वतः ज्येष्ठ असाल, तर मनातील इच्छा संकोच न करता घरात सांगावी. आपण ज्येष्ठांची काळजी घेत असाल, तर त्यांना औषधांची वेळ विचारताना आणखी एक प्रश्न विचारावा : “तुमचे काय करायचे राहून गेले?” उत्तर मिळायला कदाचित दोन-चार दिवस लागतील. मिळाले की चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा, पाटी-पेन्सिल किंवा पेटी, जे हवे ते आणावे आणि त्याच आठवड्यात आरंभ करावा.