डोंगरातून उडालेला पारा

माथेरानहून उतरणाऱ्याच्या चपला तांबड्याभडक झालेल्या असतात. हा रंग हिंगुळाचा, म्हणजे पाऱ्याच्या खनिजाचा नव्हे. तो लोखंडाच्या गंजाचा. कर्जत तालुक्यातल्या या पठारावरच्या काळ्या बेसाल्टात पावसाचे किंचित आम्ल पाणी लाखो वर्षे मुरत राहिले. कॅल्शियम, सोडियम, मॅग्नेशियम विरघळून गेले, पाठोपाठ बरीचशी सिलिकाही गेली. न विरघळणारे लोह आणि ॲल्युमिनियम मागे साचले. तोच हा जांभा.

हिंगूळ असता, तर तोही मागे उरला असता. पारा आणि गंधक यांचे हे संयुग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि हवेतल्या प्राणवायूलाही सहजी दाद देत नाही. भोवतालचा खडक कुजून माती होतो, पण हिंगुळाचे जड, लाल कण ओढ्याच्या वाळूत टिकतात. वजनाने त्यात सुमारे ८६ टक्के पारा असतो. जिथे तो थोडाफार बदलतो, तिथे दगडाच्या भेगेत शुद्ध पाऱ्याचे चकचकीत थेंबही दिसतात.

असा साठा तयार करते ते गरम पाणी. शंभर-दोनशे अंश तापलेले, गंधकयुक्त पाणी खोल भेगांतून वर चढते, वाटेतल्या खडकांतला पारा वेचते आणि पृष्ठभागाजवळ निवले की हिंगूळ तिथेच सोडते. स्पेनमधले अल्मादेन आणि स्लोव्हेनियातले इद्रिया ही अशा साठ्यांवर शतकानुशतके जगलेली गावे २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात आली.

गरम पाणी आपल्या डोंगरांतही खेळले होते. कर्जतहून खंडाळ्याकडे चढणारी बोरघाटाची रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली. तिच्यासाठी कातळ फोडताना दगडाच्या पोकळ्यांतून अशाच पाण्याने घडवलेले झिओलाइट खनिजाचे देखणे स्फटिक निघाले. हिंगूळ मात्र जमला नाही, कारण बेसाल्टात पारा मुळातच अत्यल्प उरतो. लाव्हा उसळताना तो वायूंबरोबर वाफ होऊन निसटतो.

आणि इथला लाव्हा थोडाथोडका नव्हता! भूशास्त्रज्ञांनी दख्खनच्या थरांची जी उतरंड लावली आहे, तिच्यात नेरळ आणि खंडाळा ही नावे थरांच्या गटांना दिलेली आहेत. हे सारे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे, डायनोसॉर नष्ट झाले त्या काळाच्या आसपासचे. पाऱ्याची वाफ हवेत कित्येक महिने तरंगते, त्यामुळे ती पृथ्वीभर पसरली, पावसाबरोबर खाली आली आणि समुद्रतळाच्या गाळात बसली.

मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये अंटार्क्टिकासह जगभरातले त्या काळचे जीवाश्म शिंपले तपासले, तेव्हा दख्खनच्या उद्रेकांच्या काळात त्यांतला पारा वाढलेला आढळला. काही शिंपल्यांत तो अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, कारखान्याच्या पाऱ्याने दूषित झालेल्या नदीतल्या आजच्या शिंपल्यांइतका होता.