गोचीड भिंतीत राहतो

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकण्याची आपल्याकडे रीत आहे. हळद-तुपाचा हात खांद्यावरून फिरतो. तोच हात जरा पुढे न्यावा. कानाच्या आत, मानेखाली, जांघेत, शेपटीच्या बुडाशी. बोटाला एरंडीच्या बीसारखं काही टणक लागलं, तर ती गाठ नव्हे, रक्त पिऊन फुगलेला गोचीड आहे. (लॅटिन भाषेत एरंडीला गोचिडाचंच नाव आहे, इतकं हे साम्य जुनं!)

आपला इलाज ठरलेला. उपटायचा, ठेचायचा आणि विसरायचं. आठ दिवसांनी पाहावं तर पुन्हा तितकेच. हे आले कुठून?

उत्तर जनावराच्या अंगावर नाही, कोठ्यात आहे. एका जातीचा गोचीड जनावरावर सुमारे तीन आठवडे राहतो. मादी पोटभर रक्त पिऊन खाली पडते आणि आडोशाला दोन-तीन हजार अंडी घालून मरते. दुसरी जात अधिक चलाख. ती एका जनावरावरून उतरते, भिंतीच्या भेगेत कात टाकते आणि मग दुसऱ्या जनावरावर चढते. पहिल्याच्या रक्तातला रोग दुसऱ्याला पोचतो तो असा.

या रोगाचं नाव थायलेरिया. कर्ज काढून संकरित गाय आणलेल्या घराला त्याचा धाक जास्त, कारण आपल्या गावरान गुरांइतकी त्याला तोंड देण्याची शक्ती तिच्यात नसते. ताप 104 ते 106 अंशांवर जातो, खांद्यापुढची गाठ सुजते, डोळ्यांतून पाणी येतं, दूध आटतं. पापणी उलटून पाहिली तर आतून पांढुरकी दिसते. बुपार्व्हाक्वोन नावाचं इंजेक्शन डॉक्टरांनी सुरुवातीलाच दिलं, तर गाय वाचण्याचा संभव मोठा असतो. 'नजर लागली' म्हणून चार दिवस काढले, की औषधालाही यश येणं कठीण.

लघवी तांबडी झाली तर तो बहुधा बबेसिया. याचे जंतू गोचिडाच्या मादीकडून अंड्यांत उतरतात, म्हणजे पिल्लू जन्मतःच रोग घेऊन येतं. अमेरिकेत स्मिथ आणि किलबोर्न यांनी 1893 साली हे सप्रमाण दाखवलं. तिकडच्या काही पशुपालकांना गोचिडाची शंका आधीपासून होती. शास्त्रज्ञांना ती मागाहून पटली.

आता एक गोष्ट स्पष्टच सांगतो. कपाशीवर मारायचं औषध जनावराच्या अंगाला लावू नका. 2017 साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात कितीतरी शेतकरी आणि मजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. तेच विष जनावराच्या कातडीतून आत जातं आणि अंग चाटताना पोटातही जातं. लाळ गळते, अंग थरथरतं, श्वास कोंडतो. गोचिडाचं औषध पशुवैद्यकीय दवाखान्यातून विचारूनच आणावं, सांगितलं तेवढंच पाणी घालावं, आणि दूध किती दिवस वापरायचं नाही तेही विचारून घ्यावं.

ज्या दिवशी अंगाला औषध, त्याच दिवशी कोठ्यालाही. गुरं आखरावर गेली, की गव्हाणीमागच्या, खुंट्यांजवळच्या भेगा काडीने कोराव्या. गोचीड दिवसा तिथेच दडलेले सापडतील. त्या भेगा बुजवून भिंतीला चुना द्यावा. दोन-तीन आठवड्यांनी हे सारं पुन्हा करावं लागतं, कारण मागे राहिलेली अंडी तोवर फुटतात. कोंबड्या कोठ्यात फिरल्या तर फिरू द्या, त्या गोचीड टिपतात. गुरुजींनी मुलांना अशी एखादी भेग लांबून जरूर दाखवावी, मात्र गोचीड नखांत चिरडू देऊ नये. 2011 साली गुजरातेत क्रिमियन-काँगो तापाने माणसं दगावली. तो तापही गोचिडामार्फतच पसरतो.

राहिला राखणीचा कुत्रा. त्याचा तपकिरी गोचीड वेगळा, पण खोड तीच: भिंतीत राहणं. त्याच्या चाव्याने कुत्र्याला ताप येतो, तो खाणं सोडतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. लोक म्हणतात, कुणी विष घातलं. रोगाचं नाव एर्लिकिया. त्यावर औषध आहे, पण ते साधारण चार आठवडे नेमाने द्यावं लागतं. आणि कुत्रा ज्या पोत्यावर निजतो ते पोतं आधी उकळत्या पाण्यात टाका.