वाचन-अक्षमता आणि घरातील अभ्यासाची वेळ : पालक-पाल्य नात्याचा एक विचार

प्रस्तावना

वाचन-अक्षमता म्हणजेच डिस्लेक्सिया हा विषय आता शिक्षणक्षेत्राला अपरिचित राहिलेला नाही. मुलाचे वाचन कसे सुधारावे, परीक्षेत कोणत्या सवलती मिळतात, याविषयी बरीच माहिती उपलब्ध आहे. तथापि या अक्षमतेचा पहिला आघात वाचनावर होत असला, तरी दुसरा आघात आई-वडील आणि मूल यांच्या नात्यावर होतो. बहुतेक घरांत तो रोज संध्याकाळी, दप्तर उघडल्यावर होतो. प्रस्तुत लेखात अभ्यासाच्या या वेळेचाच प्रामुख्याने विचार केला आहे.

अक्षमतेचे स्वरूप

इ. स. 1896 मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये पर्सी नावाच्या 14 वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा चलाख होता, खेळात तरबेज होता, अंक सहज वाचत होता. परंतु सात वर्षे शिकवूनही त्याला वाचन जमत नव्हते. स्वतःचे नाव लिहितानाही त्याच्याकडून अक्षरांची उलटापालट होई. सर्व शिक्षण तोंडी दिले असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याच्या शिक्षकाचे मत मॉर्गनने नोंदविले आहे. मॉर्गनने याला जन्मजात शब्दांधत्व म्हटले. दोष डोळ्यांत नसून भाषेतील ध्वनी ओळखणे, ते सुटे करणे आणि अक्षरांशी त्यांची सांगड घालणे यांत आहे, हे पुढील संशोधनातून स्पष्ट होत गेले. बुद्धिमत्तेशी त्याचा संबंध नाही. ही अक्षमता पुष्कळदा आनुवंशिक असते.

मराठीच्या संदर्भात एक गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. इंग्रजीच्या तुलनेने देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचे नाते बरेच नियमित आहे. त्यामुळे मराठी माध्यमातील असे मूल अनेकदा बरोबर वाचते, पण अतिशय संथ वाचते. आणि संथपणा हा आपल्याकडे आळसाचा पुरावा मानला जातो. शिवाय लिपीच्या स्वतःच्या अडचणी आहेतच. ‘किती’ या शब्दातील पहिली वेलांटी क च्या आधी लिहायची, पण उच्चारायची मात्र नंतर. ‘धर्म’मधील रफार म च्या डोक्यावर, उच्चार मात्र म च्या आधी. एकच र ‘प्रकाश’, ‘राष्ट्र’, ‘सूर्य’ आणि ‘कैऱ्या’ या शब्दांत चार रूपे घेतो. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांतील फरक एखाद्या रेषेचा किंवा गाठीचा. सराईत वाचकाला या गोष्टी जाणवतही नाहीत. आई-वडिलांना मुलाची अडचण दिसत नाही, याचे एक कारण हेच आहे.

‘काल येत होते, आज का येत नाही?’

या मुलांचे पालक बहुधा विचारतातच, असा हा प्रश्न आहे. मूल पहिल्या ओळीत ‘घर’ बरोबर वाचते आणि चौथ्या ओळीत त्याच शब्दाशी अडखळते. सोमवारी पाठ झालेले शुद्धलेखन बुधवारी चुकते. सर्वसाधारण अनुभवानुसार, एकदा आलेली गोष्ट पुन्हा न येणे याचा अर्थ लक्ष नसणे किंवा मुद्दाम करणे असा लावला जातो. वस्तुतः या मुलांचे वाचन सहजतेच्या पातळीवर पोहोचलेले नसते. प्रत्येक शब्द नव्याने उलगडावा लागतो, त्यात मेंदू थकतो आणि थकवा आला की जमलेलेही सुटते. असा चढउतार हे या अक्षमतेचे लक्षणच आहे. परंतु नेमके तेच लक्षण मुलाच्या हेतूविषयी संशय निर्माण करते. अक्षमता सातत्याने दिसली असती, तर कदाचित तिला सहानुभूती लवकर मिळाली असती.

संशयातून चौकशी सुरू होते आणि चौकशीतून लपवाछपवी. वही शाळेत विसरणे, दप्तर उघडताना पोट दुखणे, गृहपाठ नाहीच असे सांगणे, धड्यातील चित्र पाहून मजकूर रचून ‘वाचणे’ असे मार्ग मूल शोधून काढते. पालकांना त्यात खोटेपणा दिसतो. मूल मात्र अपमान टाळत असते.

जॉन बोल्बी या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने पालकाला मुलाचा ‘सुरक्षित आधार’ मानले. मूल या आधारापासून दूर जाऊन जगाचा शोध घेते आणि घाबरले की तेथेच परत येते. वाचन-अक्षम मुलासाठी शाळा हेच घाबरवणारे जग असते. घरी परतल्यावर आईच शाळेची दुसरी पाळी सुरू करत असेल, तर त्याला परतण्यासाठी जागाच उरत नाही. यात आईचा दोष काढणे अन्यायाचे होईल. आपल्याकडे मुलाच्या गुणांचा जाब कुटुंबात प्रथम तिलाच विचारला जातो, आणि ती तो मुलाकडे वळवते. वडील अनेकदा प्रगतिपुस्तकाच्या दिवशीच प्रकट होतात. काही घरांत वडिलांनी बालपणी स्वतःही हेच सोसलेले असते. ‘मीही मार खाऊनच शिकलो’ या वाक्यामागे न ओळखली गेलेली अक्षमता असू शकते.

प्राध्यापकांच्या घरांचा येथे स्वतंत्र उल्लेख करावयास हवा. ज्या घराची उपजीविका वाचनावर चालते, तेथे न वाचणारे मूल हे कुळाला न शोभणारे वाटू लागते. पुस्तकांची कपाटे अशा मुलाच्या मदतीला येत नाहीत, उलट ती साक्षीदारासारखी उभी राहतात.

नाते आणि सराव

केवळ प्रेम करा, असे सांगून हा प्रश्न सुटत नाही. वाचन-अक्षमतेत ध्वनी व अक्षर यांची सांगड क्रमाक्रमाने, पुनःपुन्हा आणि पद्धतशीरपणे शिकवावी लागते. मायेने ते आपोआप साध्य होत नाही. शक्य असेल तेथे हे काम प्रशिक्षित उपचारात्मक शिक्षकाकडे सोपवणे इष्ट होय. परंतु तालुक्याच्या ठिकाणी असा शिक्षक मिळणे दुरापास्त असल्याने पालकालाच शिकवावे लागते. अशा वेळी शिकवण्याला ठरलेली सीमा असणे महत्त्वाचे ठरते. पंधरा-वीस मिनिटे, ठरावीक जागा आणि वेळ संपली की पुस्तक मिटणे, मग ओळ अर्धी राहिली तरी चालेल. जेवणाच्या ताटावर आणि गाडीवरून जाताना शब्द विचारू नयेत. मुलाने धडा स्वतः वाचण्याऐवजी पालकाने वाचून दाखविला, तर त्यात कसलीही फसवणूक नाही. त्यामुळे विषयाचे आकलन मागे पडत नाही आणि पालकाचा आवाज चुका मोजण्यापलीकडेही ऐकू येतो. अभ्यासाशी संबंध नसलेले एखादे काम, सायकल दुरुस्त करणे असो वा पोळ्या लाटणे, दोघांनी रोज मिळून करावे. तेथे मूल पालकाइतके किंवा अधिकही कुशल असू शकते.

मुलाला अक्षमतेचे नाव सांगावे का, याविषयी पालक साशंक असतात. सांगावे, असेच उत्तर द्यावे लागेल. न सांगितल्यास मूल स्वतःच ‘मठ्ठ’ हे नाव शोधून काढते.

2007 मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘तारे जमीन पर’ या हिंदी चित्रपटाने हा विषय घराघरांत नेला, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. मात्र त्यात मुलाला ओळखतो तो शिक्षक. पालकांच्या वाट्याला पश्चात्तापच येतो. प्रत्यक्षात शिक्षक दरवर्षी बदलतात आणि पालक तेच राहतात.

प्रमाणपत्र आणि महाविद्यालय

1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश नव्हता. तो 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने झाला. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने विकसित केलेली ‘डाली’ ही चाचणी 2015 मध्ये मराठीसह उपलब्ध झाल्याने मातृभाषेतून मूल्यमापनाची सोय झाली. तरीही अनेक पालक प्रमाणपत्राचा विचार दहावीच्या तोंडावर, जादा वेळ व लेखनिक यांसाठीच करतात. कागद मिळतो, पण तोवर आठ-दहा वर्षांच्या संध्याकाळी होऊन गेलेल्या असतात.

महाविद्यालयात हा विद्यार्थी येतो तेव्हा त्याची फाइल बहुधा पालकांच्या हातात असते. तोच पालक प्रवेशाच्या वेळी बोलतो, प्राध्यापकांना भेटतो, सवलतीचा अर्ज भरतो. विद्यार्थी बाजूला उभा असतो. लहानपणी जे संरक्षण आवश्यक होते, ते या वयात त्याची वाचा घेते. प्राध्यापकाने प्रश्न थेट विद्यार्थ्याला विचारावा. टिपणे आधी मिळाली तर उपयोग होईल का, वर्गात मोठ्याने वाचायला सांगितलेले चालेल का, लेखनिक कोण असावा, हे त्याचे त्यालाच ठाऊक असते. पालकाने त्या वेळी बाहेरच्या बाकावर थांबावे आणि फाइल मुलाच्या हातात द्यावी.