नळीवाटें व शिरेवाटें अन्न

मनुष्य तोंडानें जेवतो ही गोष्ट इतकी नित्याची आहे कीं, तोंड असून जेवतां न येणें म्हणजे काय, याची कल्पना निरोगी माणसास सहसा येत नाहीं. पक्षाघातानें ज्याचा घसा लुळा पडला किंवा जो बेशुद्ध आहे, त्याचें पोट पुष्कळदां शाबूत असतें. मार्ग तेवढा बंद असतो. अशा रोग्याच्या नाकांतून जठरापर्यंत बारीक नळी घालून तीवाटें पातळ अन्न देतात. ज्याचें आंतडेंच काम करीत नाहीं, त्यास मात्र शिरेवाटें पोषण द्यावें लागतें. घांस नको असल्यास निरोगी माणूस मान फिरवितो, चुकीच्या वाटेनें गेल्यास त्यास ठसका लागतो. या रोग्यास हे दोन्ही पहारेकरी सोडून गेलेले असतात. तो पहारा परिचारिकेनें किंवा घरच्या माणसानें करावयाचा असतो. अशीं माणसें आतां पुष्कळ घरांतून असल्यामुळें हा विषय आमच्या वाचकांपुढें ठेवण्याचें आम्ही योजिलें आहे.

नळीची युक्ति जुनी आहे. इंग्लंडांतील शस्त्रवैद्य जॉन हंटर यांनीं १७९० सालीं गिळतां न येणाऱ्या एका रोग्यास, देवमाशाच्या लवचिक हाडावर वाम माशाचें कातडें चढवून केलेल्या नळीनें अन्न दिलें होतें. आपल्या रुग्णालयांत जिला ‘राइल्स ट्यूब’ म्हणतात तिचें नांव लंडनचे डॉक्टर जॉन राइल यांच्यावरून पडलें; त्यांनीं ती १९२१ च्या सुमारास जठरांतील रस तपासण्यासाठीं प्रचारांत आणिली. शिरेवाटें पूर्ण अन्न देणें ही मात्र अलीकडची विद्या आहे. फिलाडेल्फिया येथें स्टॅन्ली डुड्रिक व त्यांचे सहकारी यांनीं कुत्र्याचीं पिलें केवळ शिरेवाटें पोसून वाढविलीं, व १९६८ सालीं तो प्रयोग प्रसिद्ध केला.

येथें एका समजुतीविषयीं बोलणें अवश्य आहे. आपल्याकडे ‘सलाईन लावलें म्हणजे ताकद येते’ असें पुष्कळ लोक मानतात. साध्या सलाईनमध्यें पाणी व मीठ यांवांचून कांहींएक नसतें. पांच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलींत साखर असते ती अवघी २५ ग्रॅम. तेवढ्यावर कोणी दिवस काढीत नाहीं. शिरेवाटें खरें पोषण म्हणजे साखर, स्निग्धांश, प्रथिनांचे घटक, क्षार व जीवनसत्त्वें यांचें मोजून केलेलें मिश्रण होय.

आतां नळीकडे वळूं. तिच्या बाबतींत सर्वांत मोठें भय हें कीं, ती जठरांत न जातां श्वासनलिकेंत जाते. रोगी बेशुद्ध असला तर खोकतहि नाहीं. आणि मग ओतलेलें दूध फुफ्फुसांत उतरतें. पूर्वीं नळींत हवा सोडून पोटावर आवाज ऐकण्याची रीत होती. ती विश्वासार्ह नाहीं असें आतां ठरलें आहे. नळींतून थोडा रस ओढून परीक्षापट्टीनें त्याची आम्लता पाहावी, पी-एच ५.५ किंवा त्याहून कमी असावा. रस येत नसेल किंवा शंका असेल तर क्ष-किरण चित्रावांचून एक थेंबहि देऊं नये. नाकापाशीं नळीवर खूण केलेली असावी, व दर वेळीं देण्यापूर्वीं ती खूण जागेवर आहे कीं सरकली, हें पाहावें. घरीं परीक्षापट्टी नसते. तेथें खूण सरकलेली दिसली कीं अन्न थांबवून जाणत्यास बोलवावें, आपण नळी आंत ढकलूं नये.

अन्न देतांना रोग्याची पाठ ३० ते ४५ अंश उचललेली असावी व नंतरहि तासभर तशीच ठेवावी. निजलेल्या रोग्यास घाईनें अन्न देणारा मनुष्य वेळ वाचवितो आणि न्युमोनिया ओढवून घेतो. आधीं व नंतर सुमारें ३० मिलिलिटर पाणी सोडावें, म्हणजे नळी तुंबत नाहीं. गोळ्या एकेक बारीक पूड करून, पाण्यांत कालवून, वेगवेगळ्या द्याव्या. कांहीं गोळ्या कुटावयाच्या नसतात, तें आधीं विचारून घ्यावें. घरचें अन्न गाळून द्यावें हें खरें. परंतु गाळतां गाळतां नुसतें पेजेचें पाणी उरूं देऊं नये. पोट भरलेलें दिसतें आणि रोगी वाळत जातो.

जो जेवत नाहीं त्याचें तोंड धुवावें कशास, असें कित्येकांस वाटतें. लाळ कमी झाल्यानें त्याच तोंडांत जंतु अधिक माजतात व तेच फुफ्फुसांत उतरतात. म्हणून दांत, जीभ, ओठ दिवसांतून निदान दोनदां स्वच्छ करावे.

एक चूक मात्र प्राणघातक आहे: पोटाचें अन्न शिरेच्या नळीस जोडणें. असें घडलें आहे. ती नळी शिरेच्या नळीस बसूंच नये अशा निराळ्या जोडणीचें आंतरराष्ट्रीय मानक २०१६ सालीं निघालें. तरीहि जोडण्यापूर्वीं नळी हातानें मागें चाचपत तिच्या उगमापर्यंत जावें. रात्रीं तर अवश्य.

शिरेवाटें द्यावयाचें मिश्रण दाट असल्यानें लहान शीर त्यानें भाजते. म्हणून तें हृदयाजवळच्या मोठ्या शिरेंत सोडतात. तेथें शिरलेला जंतु थेट रक्तांत शिरतो. हात धुणें, जोड जंतुनाशकानें घासणें, त्या मार्गानें दुसरें औषध न देणें, हें सर्व याचसाठीं. हुडहुडी भरून ताप आला तर तात्काळ डॉक्टरांस कळवावें. रक्तांतील साखर ठराविक वेळीं तपासावी. पिशवी मागें पडली म्हणून वेग वाढवूं नये, आणि एकाएकीं बंदहि करूं नये. साखर झपाट्यानें उतरते. फार दिवस उपाशी असलेल्यास आरंभीं थोडेंच द्यावें, नाहींतर रक्तांतील फॉस्फेट व पोटॅशियम खालावून हृदय दगा देतें.

राहिली घरच्यांची माया. आजोबांस चहा आवडतो म्हणून कोणी पाहूं नये अशा वेळीं चमचाभर पाजणारी नात आम्हांस ठाऊक आहे. तिला रागावून उपयोग नाहीं. चहा कोठें जातो तें सांगावें, व तोंड पुसण्याचें काम तिलाच द्यावें. गिळण्याची परीक्षा होऊन डॉक्टरांनीं परवानगी दिली कीं, आजोबांस सरळ बसवून पहिला चमचा दाट पदार्थाचा द्यावा, आणि ते पोटभर जेवूं लागेपर्यंत नळी काढूं नये.